माईच्या हातचं

ओमानमध्ये थंडी आली हे कॅलेंडरवरून कळत नाही, एसी बंद केल्यावर कळतं. सात-आठ महिने डोक्यावर घरघरणारं ते धूड एका संध्याकाळी आपण बंद करतो, खिडकी उघडतो, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्टीपासून खालच्या दुकानाच्या शटरपर्यंत सगळं एकदम ऐकू यायला लागतं. कॉफी शॉपवाले प्लॅस्टिकच्या खुर्च्या फुटपाथवर मांडतात. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर समुद्रकाठच्या सहलीचं गुऱ्हाळ सुरू होतं. जो भेटतो तो म्हणतो, "काय मस्त हवा पडलीय ना!" मी म्हणतो, हो. मला हा ऋतू आता सोसत नाही, हे सांगायचं कोणाला आणि कशाला?

गेल्या शुक्रवारी माझा वाढदिवस झाला. निवृत्त झाल्यापासून मी अल खौदला मुलीकडे राहतो. मुलीच्या घरात, मुलीच्या व्हिसावर. माझे वाढदिवसही आता तीच ठरवते. "बाबा, तुम्हाला सरप्राइज आहे," मुक्ता गाडीत म्हणाली. जावई चालवत होता, नात आर्या मागे माझ्याजवळ बसली होती. गाडी थांबली ती एका नव्या रेस्टॉरंटसमोर. दारावर बांबूचे कंदील, आत भिंतीवर शंकूच्या आकाराच्या टोप्या. "व्हिएतनामी स्ट्रीट फूड!" मुक्ताने टाळी वाजवली. "तुम्हाला आवडतं ना हे?"

आवडतं. लेकीने लक्षात ठेवलं, चांगलं झालं. फक्त पदार्थ तेवढे लक्षात ठेवले.

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचो. थंडीच्या दिवसांत तिथे शटडाऊन घेतात. म्हणजे भट्ट्या निववायच्या, पाइप उघडायचे, झिजलेलं कापून नवीन जोडायचं. उन्हाळ्यात हे काम माणसाच्याने होत नाही. त्यासाठी बाहेरून वेल्डर येतात, कधी फिलिपिन्सचे, कधी आपल्या बिहारचे. एका वर्षी व्हिएतनामचे आले, आणि त्यांना रांधून घालायला त्यांच्याबरोबर एक बाई आली. फुलाफुलांचा शर्ट, जीन्स, केसांना मोठा प्लॅस्टिकचा चाप. पन्नाशीला टेकलेली. गॅसची शेगडी मागायला ती माझ्या स्टोअरच्या खिडकीशी आली आणि कागदावर सही करताना तिने नाव सांगितलं. ती म्हणाली ते 'माय'च्या जवळचं होतं, आमच्या वसाहतीतल्या भारतीयांच्या जिभेवर त्याचं 'माई' झालं. म्हणजे इकडून गेलं तरी आई आणि तिकडून गेलं तरी आईच.

शुक्रवारी वेल्डरांना सुट्टी. त्या दिवशी संध्याकाळी माई कॅम्पच्या फाटकासमोरच्या कॉफी शॉपवर उभी राहायची. कॉफी शॉप केरळच्या हमीदचं. पराठे लाटून त्याचा हात दुखावला होता, त्यामुळे बाहेरचा मोठा तवा रिकामाच होता, तो त्याने तिला दिला. पहिल्या शुक्रवारी मी चहा प्यायला म्हणून गेलो आणि तव्यावर पीठ पडल्याचा आवाज ऐकून जागीच थांबलो. तो आवाज माझ्या घरात बंद होऊन चार-पाच वर्षं झाली होती. शुभदा, माझी बायको, गेल्यापासून मी भात आणि अंड्यांवर दिवस काढत होतो. आम्ही मूळचे कुडाळकडचे. तांदळाचं पीठ तव्यावर पडल्यावर चर्र होतं तेव्हा रविवार सुरू होतो, असं आमच्या घरात होतं.

"घावन?" मी विचारलं.

"बान्ह शेओ," ती म्हणाली. मग तव्याकडे बोट दाखवून कानाला हात लावला. "शेओ... साउंड!"

तव्यावर पीठ पडताना जो आवाज होतो, तेच त्या पदार्थाचं नाव. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद, म्हणून रंग पिवळाजर्द. आत कोलंबी आणि मोड आलेले मूग. घडी घालायची, तोडायची, तुकडा सॅलडच्या पानात पुदिन्याबरोबर गुंडाळायचा आणि आंबटगोड पाण्यात बुडवून खायचा. त्या पाण्यात माशाचा अर्क असतो. पुण्याकडच्या माणसाने तो वास घेतला तर तो उठून जाईल. मी सुक्या बांगड्यावर वाढलेला माणूस, मला वाटलं कोणीतरी गावाकडून आलंय.

मग दर शुक्रवारी जायला लागलो. हळूहळू मधल्या वारीही. कॅम्पच्या मुदपाकखान्यात तिचं पातेलं सकाळपासून मंद आचेवर असायचं, त्यात हाडं, भाजलेला कांदा, भाजलेलं आलं, दालचिनी आणि चक्रीफूल. ते फो. ते लोक न्याहारीला पितात. उच्चार 'फऽ' असा, कोणी काही विचारतंय तसा. त्यातल्या शेवया मी उचलून बघितल्या आणि तिला सांगितलं की आमच्याकडे अशाच तांदळाच्या शेवया साच्यातून पाडतात, शिरवाळे म्हणतात, नारळाच्या रसात गूळ घालून खातात. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी खरंच नारळाच्या दुधात साखर घालून शेवया पुढे ठेवल्या. गूळ नव्हता, वेलची नव्हती. मी वाटी धुतल्यासारखी स्वच्छ केली.

एकदा तिने तांदळाच्या पातळ पारदर्शक चकत्या माझ्यासमोर ठेवल्या आणि पाणी आणायला आत गेली. त्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या असतात, मग त्यात कोलंबी, शेवया आणि पाला गुंडाळायचा. मला काय माहीत? मी एक चकती उचलली आणि सरळ गॅसवर धरली. आपल्या माणसाला गोल, पांढरं, वाळलेलं काही दिलं की तो भाजणारच. फुलली, वाकडी झाली, एका बाजूने करपली. माई बाहेर आली आणि मी कोकणातल्या लग्नात पंगतीला बसल्यासारखा ती कुडुमकुडुम खातोय हे बघून दाराला धरून हसली. नंतर तिने सांगितलं की त्यांच्याकडेही भाजतात, निखाऱ्यावर, संध्याकाळी, रस्त्याच्या कडेला. "यू नॉट राँग," ती म्हणाली. "यू अर्ली."

चुकलो नाही, लवकर आलो. त्या वयात मला कोणी 'लवकर' म्हणेल असं वाटलं नव्हतं.

मुक्ताचा फोन रोज यायचा. जेवलात का, काय जेवलात, बीपीची गोळी घेतली का. एके दिवशी मी म्हटलं, "माईकडे जेवलो."

"कोण माई? मालवणच्या का?"

"व्हिएतनामच्या."

ती खळखळून हसली. "बाबा, तुमचे जोक ना!" मग नवऱ्याला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "अरे, बाबांना सोहारला खानावळवाल्या माई मिळाल्यात!" मी खरं बोललो होतो. पण माई म्हटल्यावर तिला नऊवारीतल्या, चष्म्यातल्या, पोरांना लाडू भरवणाऱ्या कोणी दिसल्या, त्याला मी काय करू? पुढे दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला. दर वेळी ती म्हणाली, "हो हो, व्हिएतनामच्या!" आणि हसली. दिवाळीला सोहारकडे येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर तिने फराळाचा डबा पाठवला आणि सोबत एक हिरवी सुती साडी. 'माईंना द्या, तुमचं एवढं करतात.' फोनवर आर्याने मागून ओरडून सांगितलं, "माई आजीला हॅपी दिवाली!"

चकली माईला आवडली. अनारसा तिने नीट न्याहाळला आणि विचारलं की यात तांदूळ किती दिवस भिजवलाय. साडी उलगडली, उलगडतच राहिली, कॉफी शॉपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "सो लाँग! वन वुमन?" पुढच्या शुक्रवारी बघतो तर तिने ती दोन खांबांना बांधून तव्यापुढे आडोसा केला होता. थंडीत तिथे उत्तरेचा वारा सुटतो, वाळू उडते. साडी फुगत होती आणि तवा सुरक्षित होता. मला आवडलं. शुभदालाही आवडलं असतं, ती वस्तू वापरणारी बाई होती.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते सांगतो.

माईने एकदा माझं वय विचारलं. मी जरा आखडलो. वय विचारणारी बाई पेन्शनच्या खिडकीत असते नाहीतर दवाखान्यात. तिने समजावलं की त्यांच्या भाषेत 'तू' आणि 'मी' असे सुटे शब्द नसतातच म्हटलं तरी चालेल. समोरचा मोठा की लहान हे कळल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नाही. मी वय सांगितलं. तिने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, "ओके. आय कॉल यू आन्ह."

"मीन्स?"

"बिग ब्रदर."

मी चहाचा कप खाली ठेवला. कॉलेजात असताना राखीपौर्णिमेला दांडी मारणारी आमची पिढी. एखादी आवडती मुलगी समोरून येताना दिसली तर आम्ही जिना बदलायचो, न जाणो तिच्या पर्समध्ये राखी असली तर! एकदा 'दादा' म्हटलं की खेळ खलास. तेव्हा जिने बदलून जे टाळलं होतं ते साठीच्या उंबरठ्यावर, सोहारच्या कॉफी शॉपवर, फिश सॉसच्या वासात मला गाठून बसलं. मी हसलो. म्हटलं, बरोबर आहे, आपलं वय बघा, टक्कल बघा. तिने मला भाऊ म्हटलं आणि सगळं जग तिला आई म्हणत होतं. एका तव्याभोवती एवढे सज्जन संबंध!

तरी मी जात राहिलो. काय करणार? मला ती हवी होती. हे आता सरळ लिहितो, कारण मोडलेल्या वस्तूला झाकण कशाला? मला तिच्याबरोबरची अंगतपंगत हवी होती, तिचं ते "यू ईट फर्स्ट, टॉक लेटर" हवं होतं, पत्र्याच्या गाळणीतून घट्ट गोड दुधावर थेंब थेंब पडणारी तिची काळी कॉफी संपेपर्यंत गप्प बसणं हवं होतं. 'आन्ह' म्हणताना ती शब्द जरा लांबवायची. माझ्या कानाला तो दादासारखा लागत नव्हता. पण मी कानाला गप्प केलं.

त्यांचं नवं वर्ष त्याच थंडीत येतं. तिच्या गावाकडे, मेकाँग नदीच्या मुलखात, त्या दिवशी घरात एक पिवळं फूल हवंच, आणि त्या फुलाचं नाव माय. तिचं नाव तेच. आई नाही, आजी नाही, एक पिवळं फूल. हे कळल्यावर मी कामावरून येताना रस्त्याच्या दुभाजकावरच्या झुडपांची पिवळी, घंटीसारखी फुलं तोडली. बलदियाची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची मालमत्ता. कोणी पकडलं असतं तर या वयात काय सांगितलं असतं देव जाणे. तिने ती कोकच्या बाटलीत ठेवली. म्हणाली, हे ते फूल नव्हे. मग म्हणाली, "बट येलो," आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात तिने विचारलं. शटडाऊन संपत आला होता, वेल्डर परत निघणार होते. हमीद म्हणत होता की तिने राहावं, तो लायसन्सचं बघेल, दुकानाची एक बाजू तिला देईल. गावाकडे तिला ओढ फारशी नव्हती. नवरा वारलेला, मुलगा सायगॉनमध्ये त्याच्या संसारात. तिने तवा पुसला, फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "आन्ह, आय स्टे? ऑर गो? यू से."

भावाला कोण असं विचारतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. आपल्याकडे भावालाच विचारतात. बहिणीचं सगळं भाऊच ठरवतो. मी म्हटलं, शुक्रवारी मुलगी येतेय, ती भेटू दे, मग सांगतो. मला मुक्ताला सांगायचं होतं. ठरवून ठेवलं होतं, वाक्यंसुद्धा जुळवली होती. माई भाऊ म्हणो की आणखी काही, मी एकदा विचारणार होतो.

शुक्रवारी संध्याकाळी ते तिघे आले. आर्या तेव्हा पाच वर्षांची होती. ती धावत पुढे गेली, "माई आजी कुठेय?" मी तव्याकडे बोट दाखवलं. मुक्ताने आधी तिथली साडी ओळखली, मग साडीमागची बाई. तिचा चेहरा मी बघितला. माझी मुलगी मूर्ख नाही. एका नजरेत तिने फुलांचा शर्ट बघितला, कोकच्या बाटलीतली सुकलेली पिवळी फुलं बघितली, मला बघितलं. मी त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

माईने पिवळं घावन घडी घालून आर्यापुढे ठेवलं. आर्याने हाताने तोडलं, खाल्लं, "आई, इट्स सो क्रंची!" म्हणाली. मुक्ताने एक तुकडा तोंडात टाकला. जावयाने टाकला नाही, त्याला आधी त्यात काय काय आहे ते जाणून घ्यायचं होतं. येताना गाडीत त्याने कुत्र्यामांजरांचा विनोद केला असणार हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"नमस्ते," मुक्ता म्हणाली आणि इंग्रजीत शिरली, गोड. तिच्या ऑफिसात ती माणसं नेमते आणि काढते, त्यामुळे तिला गोड बोलता येतं. "व्हॉट डू यू कॉल माय फादर?"

"आन्ह," माई म्हणाली.

"मीनिंग?"

"बिग ब्रदर."

मुक्ताने सोडलेला श्वास मला ऐकू आला. "अय्या! मग तर या माझ्या आत्याच झाल्या!" तिने पुढे होऊन माईचे दोन्ही हात धरले. "बाबा, सांगा ना यांना. किती छान! तुम्हाला सख्खी बहीण नाही, इथे मानलेली बहीण मिळाली. आर्या, बेटा, आत्याआजीच्या पाया पड." आर्या वाकली. तिला वाकणं येत नाही, गुडघ्यांवर बसली.

माई माझ्याकडे बघत होती. तिला हे काय चाललंय ते समजून घ्यायचं होतं. "शी से व्हॉट?"

"शी सेज," मी म्हटलं, "यू आर माय सिस्टर."

"सिस्टर?"

"यस. यू सेड. ब्रदर. सो, सिस्टर."

तिने मुक्ताच्या हातांतून स्वतःचे हात सोडवून घेतले, हळू, कोणाला लागू नये तसे. तव्यावरचं घावन एका बाजूने काळं झालं होतं. तिने ते उलथन्याने उचललं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि नवीन पीठ घातलं. चर्र झालं. "ओके, सर," ती म्हणाली.

त्यानंतर तिने मला आन्ह म्हटलं नाही. सामूनच्या लांबट पावात अंडं, गाजरामुळ्याचं लोणचं आणि कोथिंबीर भरून द्यायची, तेव्हाही "सर, चिली?" मला वाटलं, चला, तिने निर्णय घेतला. हमीदला तिने नकार दिला. मला परत विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण मला वाटलं की मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालंय. बहिणीला 'राहा' म्हणायला कारण लागतं. वेल्डरांची बस निघाली तेव्हा दिवसा ऊन चटका द्यायला लागलं होतं. तिने साडी धुऊन, घडी करून माझ्या हातात दिली. "यू कीप इट," मी म्हटलं. "फॉर सिस्टर," ती म्हणाली, "युवर नेक्स्ट सिस्टर." मी तो विनोद समजलो आणि हसलोसुद्धा. त्या रात्री एसी लावला.

आपल्याकडे माणसाला दूर ठेवायची एक खास रीत आहे. हाकलून देत नाहीत, ते असंस्कृत दिसतं. नातं जोडतात. वहिनी, ताई, मावशी, आत्या म्हणायचं, हळदीकुंकू लावायचं, पाया पडायचं, की माणूस जागच्या जागी खिळला. कोणाला दोष देता येत नाही, उलट कौतुकच करावं लागतं. मुक्ताने तिला एका शब्दात माझी बहीण केली आणि रागावायला जागासुद्धा ठेवली नाही. परतीच्या वाटेवरून तिने फोन केला होता, "बाबा, आता मी निर्धास्त झाले." झाली असेल. मी तिला तेव्हापासून माफ केलेलं नाही. तिच्याच घरात राहतो, तिच्याच हातचं जेवतो, आणि माफ केलेलं नाही. रागावल्याचं दाखवायची मात्र सोय नाही, कारण तिने काय केलं हे सांगायला गेलं तर आधी मला काय हवं होतं ते सांगावं लागेल.

तर गेल्या शुक्रवारचं ते रेस्टॉरंट. मेन्यूत सगळं होतं. फो होतं, पावातलं ते बान्ह मी होतं, तांदळाच्या चकत्यांत गुंडाळलेल्या सुरळ्या होत्या, आणि बान्ह शेओ पांढऱ्या बशीत, वर एक खाण्याचं फूल ठेवून. तवा आत कुठेतरी होता, आवाज बाहेर येत नव्हता. मुक्ताने फोटो काढले, जावई बाहेर फोनवर बोलायला गेला. मग आर्याच्या हाताला सॉस लागला म्हणून मुक्ता तिला धुवायला घेऊन गेली. मी एकटा बसलो होतो. पाणी घेऊन आलेली पोरगी व्हिएतनामी होती. जाता जाता काउंटरमागच्या तरुणाला तिने हाक मारली, लांबवून.

"आन्ह ऑऽय!"

मी तिला थांबवलं. "युवर ब्रदर?"

"नो सर," ती लाजली. "हजबंड."

"बट आन्ह... बिग ब्रदर?"

"ब्रदर आल्सो. हजबंड आल्सो. बॉयफ्रेंड आल्सो, सर. सेम वर्ड." तिला गंमत वाटली की या भारतीय आजोबांना हा शब्द कुठून माहीत. सहज पुढे म्हणाली, "ओन्ली व्हेन आय अँग्री, आय डोंट से."

ती गेली. मी पाणी प्यायलो. ग्लास ठेवला. समोर गाजरं होती, कोरून फुलं केलेली, त्यांच्याकडे बघत बसलो. माईच्या तोंडी तो शब्द कुठल्या अर्थाने होता हे मला आता कळायचं नाही. थोरला म्हणून कोणालाही म्हणत असतील, पोरगीच म्हणाली तसं. पण 'ओके, सर' कुठल्या अर्थाने होतं ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

मुक्ता आणि आर्या परत आल्या. "काय गप्पा चालल्या होत्या तिच्याशी?" मुक्ताने विचारलं.

"काही नाही. काउंटरवरचा तिचा भाऊ आहे म्हणाली."

"हो? किती छान ना. भाऊबहीण मिळून चालवतात." तिने माझ्या बशीत बान्ह शेओचा मोठा तुकडा वाढला. "घ्या ना बाबा, गार होतंय."

आर्याने एक घास खाल्ला आणि नाक मुरडलं. तिचं मराठी अडखळतं, वाक्य जुळवायला तिला वेळ लागला. "आजोबा, माई आजीचा घावन जास्त... यम्मी होता."

"कोण माई आजी गं?" मुक्ता म्हणाली. मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं हो! आजोबांची ती मानलेली बहीण, सोहारची. काय बाई, विसरलेच होते मी. कुठे असतात हो त्या हल्ली?"

"माहीत नाही," मी म्हटलं.